तिची गोळी मी बंद केली

माझी बायको सोरायसिसनं मेली असं गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. सोरायसिसनं माणूस असा मरत नाही, हे जळगावच्या कातडीच्या डॉक्टरनं मला तोंडावर सांगितलं होतं. ती गळ्याच्या दुखण्यानं मेली, थायरॉईडच्या. आणि त्याची गोळी मी बंद केली म्हणून मेली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हे बोलून सांगायला माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव फैजपूरच्या बाजूचं, केळीचं. तिचं माहेर भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. तिकडची बोली वेगळी. आम्ही म्हणतो ‘हाये’, ती म्हणायची ‘शे’. लग्न होऊन आली तेव्हा माझी माय तिला चिडवायची, ‘शे-शे करत बकऱ्या हाकलते का व?’ सगळे हसायचे, मीही हसायचो. तिनं बोली सोडली नाही. बोलणं कमी केलं.

ती मांडे करायची. आमच्याकडे लग्नाला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पुरणाचे मांडे लागतातच, खापरावरचे. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगतो. पुरण भरलेला गोळा बाई हातावर घेते, आणि तो लाटत नाही, झुलवते. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. झुलता झुलता तो पातळ होतो, पार धोतरासारखा, आणि मग उलट्या खापरावर टाकायचा. हे सगळ्या बायांना जमत नाही. तिचा मांडा कोपराच्या खाली लोंबायचा तरी फाटत नव्हता. गावात कोणाकडेही लग्न निघालं की हळदीच्या आधी तिला बोलावणं यायचं. सासरी तिला कोणी विचारायचं ते याच एका कामासाठी.

आमची एकच लेक. ती सात-आठ वर्षांची असेल, तेव्हा बायकोच्या उजव्या कोपरावर एक चट्टा उठला. लाल, आणि वर पांढरे पापुद्रे. मग डाव्या कोपरावर. मग गुडघे, मग केसांत. सकाळी गोधडी झटकली की खाली कोंडा पडायचा. मी म्हणायचो, ‘दळण दळलं का व रात्री?’ तिला वाटायचं मी गंमत करतो. मी गंमत करत नव्हतो. मला किळस यायची.

जळगावला नेलं. डॉक्टरनं नखं पाहिली, डोकं पाहिलं, चिमटीनं एक पापुद्रा काढला. म्हणाला, ‘हा सोरायसिस. पूर्ण जाईल असं सांगत नाही, कमी-जास्त होत राहील. पण एक लक्षात ठेवा भाऊ, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, काही होत नाही.’ डांबराच्या वासाचं मलम दिलं.

घरी आल्यावर मायनं विचारलं, ‘काय म्हणे डाक्टर?’ मी म्हटलं, ‘कातडीचं हाये. मलम दिलं.’ लागत नाही, हे मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? त्याच दिवशी मी माझी गोधडी पडवीत नेली होती. लागत नाही म्हटलं असतं तर ती परत आत आणावी लागली असती.

त्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं. मांड्यांना तिलाच बोलावलं, कारण दुसरी कोणी तशी नव्हती. तिनं बाह्या वर केल्या, हात धुतले, खापरापुढे बसली. तिचे आठ-दहा मांडे झाले असतील. मी मागच्या दारातून लाकडं आणून टाकत होतो. एक बाई म्हणाली, ‘पांढरं काय व पडलं त्या पोयीवर?’ दुसरी म्हणाली, ‘कोपराची साल हाये ती.’ सगळ्या थांबल्या. झालेल्या मांड्यांची चवड एकीनं बाजूला सारली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. डॉक्टरचे शब्द माझ्याजवळ होते. मी म्हटलं, ‘ऊठ व. हात झाकून घरी जा.’

तिच्या हातावर अर्धा झुललेला मांडा होता. तो तिनं परातीत ठेवला, पदर कोपरावरून घेतला आणि मागच्या दारानं निघाली. माझ्या अंगावरून गेली तरी वर पाहिलं नाही. तिनं केलेले मांडे म्हशीला घातले. त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. आमच्या घरातही मायनं तिचं ताट, तांब्या वेगळा केला, आणि ताट वेगळं झालं म्हणताच गावानं ठरवलं की हा महारोगच. मायनं तिचं वांगंही बंद केलं, बेसनही बंद. हिवाळ्यात घरोघर भरीत व्हायचं, तेव्हा ती मीठ-भाकर खायची. मी समोर बसून भरीत ओरपायचो.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग ती बदलायला लागली.

आधी झोप वाढली. भाकर थापता थापता बसल्या जागी डोळे मिटायची. मग अंग सुजल्यासारखं झालं, तोंड भरलं, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, भुवया कडेनं झडल्या. आवाज घोगरा झाला, बाप्याच्या आवाजासारखा. आणि थंडी. वैशाखात आमच्याकडे पाखरं झाडावरून पडतात, आणि ही चुलीजवळ घोंगडी घेऊन बसायची. ‘माले हीव वाजस,’ म्हणायची. माय म्हणायची, ‘कामाचं हीव वाजते तिले.’

सगळ्यात मला राग यायचा तो तिच्या बोलण्याचा. काही विचारलं की उत्तर लवकर यायचंच नाही. ‘पाणी तापलं का?’ विचारलं की ती माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची, आणि मी अंगणात जाऊन आलो की मग म्हणायची, ‘तापनं.’ मी लोकांत तिची नक्कल करायचो. केळीच्या वॅगनी भरायला सावद्याला जायचो, तिथं बसलो की मी तिच्यासारखं हळू बोलून दाखवायचो. माणसं पोट धरून हसायची. तिला मी म्हैस म्हणायचो, तोंडावर. एकदा केळीच्या पानाच्या देठानं मारलंसुद्धा. कपडे दगडावर तसेच ठेवून बसली होती म्हणून. तिनं हात वर केला, पण तोही इतका हळू की तोवर माझे दोन फटके झाले होते.

तिचा भाऊ धुळ्याला राहायचा, एसटीच्या वर्कशॉपात होता. भाऊबीजेला दरवर्षी ती जायची. त्या दिवाळीला ती जाईना. उठवेनाच तिला. म्हणून तो स्वतः आला ओवाळून घ्यायला. पाटावर बसला, तिनं ताट हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. ओवाळायचं तिच्या लक्षातच येईना. त्यानं ताट तिच्या हातातून काढून खाली ठेवलं आणि मला विचारलं, ‘भाऊजी, हाई कवयपासून असं शे?’

मी म्हटलं, ‘आळशी झाली तुमची बहीण.’

तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याची चिठ्ठी आली की डॉक्टरनं नवऱ्याला बोलावलंय. मी मनात शिव्या देत गेलो, कापणीचे दिवस होते.

धुळ्याचा डॉक्टर तरुण होता. तिचं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं होतं, त्याचा कागद त्याच्या हातात होता. तो म्हणाला, ‘हिच्या गळ्यात एक ग्रंथी असते, सगळ्यांच्याच असते, थायरॉईड म्हणतात. अंग चालतं ते तिच्या रसावर. हिची जवळजवळ बंद पडली आहे. म्हणून ही झोपते, सुजते, गारठते. आळशी नाही ती. चुलीत लाकूडच नाही, तर पेटणार काय?’

मी विचारलं, ‘हे त्या कातडीमुळं झालं का?’

‘तसं मला सांगता येणार नाही. पण काही माणसांत ही दोन्ही दुखणी एकत्र सापडतात. कसं आहे, अंगात राखण करणारी एक फौज असते. काही जणांत ती फौज आपल्याच अंगावर उलटते. कातडीवर उलटली की सोरायसिस, गळ्यावर उलटली की हे. तुमच्या घरातल्या कोणाच्या अगोदर लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तुम्हाला काही दिसलं नाही?’

मी म्हटलं, ‘दिसलं. पण दुखणं हाये हे माहीत नव्हतं.’

त्यानं बारीक पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक. जन्मभर. ‘जन्मभर’ तो दोनदा म्हणाला. दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून गोळी वाढवायची, तेही सांगितलं.

गोळीनं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. संक्रांतीपर्यंत सूज उतरली. होळीपर्यंत आवाज परत आला. आखाजीला तिनं घरात खापर मांडलं, आमच्यापुरतं. मायनं तोंड फिरवलं, पण लेकीनं खाल्ले आणि मीही खाल्ले. कातडीही त्या उन्हाळ्यात बरीच बसली होती. ती शेतात यायला लागली. भराभर बोलायला लागली, आणि उलटूनही बोलायला लागली. मी एकदा सवयीनं ‘ए म्हैस’ म्हटलं, तर म्हणाली, ‘म्हैस रोज दूध देस. तुम्ही का देतस?’ लेक खिदळली. मला ते लागलं. ती मुकी होती तेव्हा घर माझ्या हातात होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरचा हिवाळा आला. लेक लग्नाला आली होती. मामानंच धुळ्याचं स्थळ आणलं होतं, चांगलं घर, मुलगा नोकरीला. बघायला येणार असं ठरलं आणि त्याच महिन्यात बायकोच्या अंगावर सोरायसिस परत उठला, पूर्वीपेक्षा जास्त. कपाळाच्या कडेला, कानामागं, हाताच्या पंजावर. झाकायला जागा राहिली नाही.

माय म्हणाली, ‘ती गोयी गरम हाये. रोज उपाशीपोटी गरम औषध खाते, गरमी अंगावर फुटणार नाही तं काय होईन? बंद कर ते. पोरीचं लगन होऊ दे, मंग खाईन.’

हे मला पटलं. आमच्याकडे सगळ्या औषधांची हीच वाटणी, गरम नाहीतर थंड. गरम औषध घेतलं की अंगावर उठतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी बाटली आणायला धुळ्याला गेलो तेव्हा डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, ‘थंडीत सोरायसिस वाढतोच. कातडी कोरडी पडते. मलम बदलून देतो. पण गोळी एक दिवससुद्धा बंद करायची नाही. कळलं का भाऊ? काही वाटलं तर माझ्याकडे घेऊन या.’

कळलं म्हणून मी निघालो. एसटीत बसल्यावर विचार करत आलो. डॉक्टरला काय, त्याची गोळी खपते. माझ्या पोरीचं स्थळ मोडलं तर डॉक्टर नवरा आणून देणार आहे का? गाव येईस्तोवर माझं ठरलं होतं. नवी बाटली मी घरी नेलीच नाही. शेतात मोटारीच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवली, लग्न झालं की काढू म्हणून.

घरी तिला सांगितलं, ‘डाक्टर म्हणे आता बस. तुझं गळ्याचं बरं झालं.’

तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, ‘जन्मभर घेनी शे म्हने ना तो?’

‘तेव्हा म्हणे. आता बंद कर म्हणे.’

ती खूश झाली. म्हणाली, ‘बरं व्हयनं बाई.’ खरंच खूश झाली.

पाहुणे आले तेव्हा तिला आम्ही आतल्या खोलीत बसवलं. ‘पोरीची आई कुठं आहे?’ विचारलं तर माय म्हणाली, ‘तिले ताप हाये.’ स्थळ जमलं. लग्न वैशाखात झालं. मांड्यांच्या वेळी ती एकदा म्हणाली, ‘मनी पोरनं लगीन शे, दोन तरी मी करस.’ मी म्हटलं, ‘सोयऱ्यांसमोर शोभा करू नको.’ ती उठून गेली. पुन्हा घोगरी झाली होती तेव्हा, पाय जड टाकत होती. मला दिसत होतं. या वेळी मला दुखणं हाये हे माहीत होतं.

लग्न झालं, लेक गेली. आता गोळी काढायला हरकत नव्हती. गोळी बंद करून सोरायसिस काही कमी झाला नव्हता, जसा होता तसाच होता, म्हणजे गरमी-बिरमी सगळं खोटं होतं. तरी मी बाटली काढली नाही. काढली असती तर सांगावं लागलं असतं की डॉक्टर तसं म्हणालाच नव्हता. ती आता उलटून बोलत नव्हती. घर पुन्हा गप्प झालं होतं. आज काढू, उद्या काढू करत पावसाळा गेला, दसरा गेला. भाऊबीजेला तिनं भावाला निरोप पाठवला की बरं नाही, येत नाही. निरोप मीच पाठवला खरं तर. लग्नात तो सोयऱ्यांच्या गडबडीत होता, पण आता त्यानं तिला नीट पाहिलं असतं तर ओळखलं असतं.

पौषात तिला खोकला झाला. दोन दिवस झोपून होती. हाक मारली की डोळे उघडायची, परत मिटायची. अंगाला हात लावला तर गार, पाटातल्या लोखंडी पाइपासारखं. मी घोंगडी टाकली आणि शेतात गेलो. तिसऱ्या दिवशी लेक आली, संक्रांतीचं वाण घेऊन, पहिलीच संक्रांत तिची. आईला पाहून ती वाण तिथंच टाकून रस्त्यावर धावली. जीप तिनं आणली. फैजपूरला नको, जळगावला नको, धुळ्यालाच न्यायचं, त्याच डॉक्टरकडे, असं तीच म्हणाली. मी मागं बसलो होतो, बायकोचं डोकं माझ्या मांडीवर.

डॉक्टरनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, घोंगड्या टाकल्या. मग माझ्याकडे वळला. लेक माझ्या शेजारी उभी होती, जावईही आला होता.

‘गोळी किती दिवसांपासून बंद आहे?’

मी बायकोच्या अंगावरची घोंगडी सारखी करायला लागलो.

‘मी विचारतोय. वर्ष झालं तुम्ही बाटली नेली नाही. मला वाटलं दुसरीकडून घेता. कोणी बंद केली?’

मी म्हटलं, ‘तिनंच केली. लय सांगतलं, ऐकतच नाही.’

डॉक्टर म्हणाला, ‘एवढी बरी झाली होती बाई.’

लेकीला रडू फुटलं. रडत रडतच ती आईवर ओरडली, ‘एक गोयी, आई. एक बारीक गोयी घ्याले काय जात व्हतं तुझं? माह्या लग्नात बी तू अशीच झोपून व्हती. तुले आमची कोणाची पर्वाच नाही.’

बायकोचे डोळे उघडे होते. तिनं ऐकलं. ओठ हलायला लागले. मला माहीत होतं तिचं बोलणं यायला किती वेळ लागतो. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली, लेक आणि जावई औषध आणायला बाहेर गेले, डॉक्टर पलीकडच्या खाटेकडे गेला. ओठ हलतच होते. मग शब्द आले.

‘नही. तुम्हीच... तुम्हीच सांगं व्हतं.’

ऐकायला मी एकटा होतो. मी म्हटलं, ‘हो, हो. झोप आता.’

ती तीन दिवस राहिली. त्यानंतर बोलली नाही.

लेक आता माहेरी येते तेव्हा शेजारच्या बाया जमतात आणि आईची गोष्ट निघते. ती सगळ्यांना सांगते, गळ्याचं दुखणं असेल तर गोळी सोडू नका, आमच्या आईनं हट्टानं सोडली. ‘मरतानाही मी तिले बोलले,’ म्हणते, ‘काय वाटलं असंन तिले.’ मग माझ्याकडे बघते. ‘आबा, तुम्ही किती सांगत व्हते ना तिले?’

मी हो म्हणतो.